'लाइन' : अनेकार्थता आणि कर्त्याचा लोप

लॅटिनमधील 'लिनेआ' म्हणजे जवसाच्या वाखाचा दोरा. त्यापासून आलेला 'लाइन' हा इंग्रजी शब्द अकोला-वाशिम मार्गावरील मेडशीसारख्या वऱ्हाडी गावात रांग, वीजपुरवठा, पेशा, वळण अशा नाना अर्थांनी रुळला आहे. (या मुलखात जवस पिकत आले, हा निव्वळ योगायोग.) यांतला कोणता अर्थ घ्यावयाचा, हे भर्तृहरीने सांगितलेल्या साहचर्य, प्रकरण इत्यादी नियामकांनी ठरते, श्रोत्याचा घोटाळा होत नाही. प्रश्न अर्थनिश्चितीचा नसून कर्त्याचा आहे.

'लाइनीत ये', 'पोरगा लाइनीवर आला' या प्रयोगांत माणूस आपल्या वर्तनाला उत्तरदायी असतो. 'लाइन गेली' या वाक्यात मात्र कोणीच नसते. 'पाऊस गेला' हेही याच साच्यातले वाक्य आहे, असा आक्षेप घेता येईल; तो व्याकरणापुरता खराही आहे. परंतु पावसाचे वेळापत्रक कोणी आखत नाही, भारनियमनाचे आखले जाते. कृषिपंपांना रात्री वीज द्यावी हा कोणाचा तरी निर्णय असतो, आणि त्यापायी शेतकरी अंधारात हरभऱ्याला पाणी देत उभा राहतो. अशा निर्णयाला निसर्गाचे व्याकरण लाभले की जाब विचारण्याची जागाच वाक्यातून नाहीशी होते.

तारेवर आकडा टाकणारा मात्र नावानिशी कर्ता ठरतो. थकबाकीपायी जोडणी तोडली की 'लाइन कापली' म्हणतात. तेथे क्रियापद सकर्मक होते, कर्ता तरीही अध्याहृतच राहतो.