अर्जातला अंश आणि छेद

पुण्यातल्या वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात हल्ली जिनिव्हा वारंवार येते. जागतिक आरोग्य संघटनेतली इंटर्नशिप, तिच्याच दिल्लीतल्या आग्नेय आशिया विभागीय कार्यालयातली इंटर्नशिप, एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या संशोधन गटात तीन महिने, अशी यादी कॅन्टीनच्या टेबलावर तयार होते आणि सीनिअरांचा सल्लाही तिथेच मिळतो. सल्ला एकच असतो, एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रात, गोष्ट पाहिजे. मग गोष्ट येते. मोठ्या सरकारी रुग्णालयाची ओपीडी, केसपेपर हातात धरून उभी असलेली रांग, लांबच्या वाडीवरून फार उशिरा आणलेली एक बाई, आणि शेवटी ‘त्या दिवशी मला सार्वजनिक आरोग्याचे महत्त्व कळले’ हे वाक्य. गाव बदलते, आजार बदलतो, परिच्छेद तोच राहतो.

तो खोटा असतो असे नाही. ती बाई खरोखर आलेली असते आणि तिला पाहून वीस-बावीस वर्षांच्या मुलामुलींच्या काळजात चर्र झालेले असते. आक्षेप वेगळा आहे. त्या परिच्छेदात सार्वजनिक आरोग्य कुठेच नसते.

या अर्जांविषयीची चर्चा मात्र भलत्याच वाटांनी जाते. ‘ब्रेन ड्रेन’ची ओरड करणाऱ्यांना उत्तर देण्यात फार वेळ घालवण्याचे कारण नाही: रजनीकांत आणि मेबेल आरोळे जॉन्स हॉपकिन्सला शिकून १९७० मध्ये जामखेडला आले, अभय आणि राणी बंग १९८४ मध्ये तिथूनच पदवी घेऊन पुढे गडचिरोलीत गेले. पैशाचा मुद्दा याहून कितीतरी वजनदार आहे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा एक बिनपगारी इंटर्न जिनिव्हात तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव केला की २०२२ पर्यंत संघटनेच्या इंटर्नपैकी किमान निम्मे अल्पविकसित आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले असावेत. २०२० पासून निर्वाहभत्ताही सुरू झाला. तरी विमानाचे तिकीट आणि व्हिसा यांचा खर्च पुष्कळ घरांना झेपत नाही, आणि ही तक्रार रास्त आहे. पण अर्ज कोणाला परवडतो हा एक प्रश्न झाला. अर्जात काय लिहावे हा दुसरा, आणि त्याचे उत्तर सध्या फार स्वस्तात दिले जात आहे.

गोष्टीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मात्र नीट ऐकले पाहिजे, कारण ते बाळबोध नाही. ते म्हणतात, निवड करणाऱ्यासमोर अर्जांचा ढीग असतो. त्यातून लक्षात राहते ती गोष्ट. दुसरे, सार्वजनिक आरोग्याच्या मुळाशी करुणा आहे, आणि करुणा माणसाकडे पाहून येते, तक्त्याकडे पाहून येत नाही. तिसरे, पदवीच्या विद्यार्थ्याकडे आकडे असणार कुठून? त्याने अजून संशोधन केलेले नसते, त्याच्याकडे आहे तो अनुभव. मग त्याने अनुभव लिहिला तर बिघडले कुठे?

बिघडते ते असे. दवाखान्याच्या दारात जो पोचला तो अंश. त्याच्यासारखे गावात, वस्तीत, प्रभागात एकूण किती होते, त्यातले किती निघालेच नाहीत, किती वाटेतून परतले, हा छेद. ओपीडीतल्या डॉक्टरसमोर अंशच येतो आणि समोरच्या रुग्णावर लक्ष एकवटणे हेच त्याचे कर्तव्य आहे. सार्वजनिक आरोग्य हे शास्त्र सुरूच होते छेदापासून. अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे, मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे, लसीकरण पात्र बालकांमागे. या ‘मागे’ उभ्या असलेल्या माणसांचा पत्ता ज्या अर्जात नाही तो डॉक्टर होऊ पाहणाऱ्याचा उत्तम अर्ज असू शकेल, सार्वजनिक आरोग्याचा नाही.

राणी आणि अभय बंग यांच्या गटाने गडचिरोलीत केलेला पहिला मोठा अभ्यास इथे आठवावा. दवाखान्यात स्त्रियांच्या आजारांच्या तक्रारी येत होत्याच. त्यांच्यावर हृदय हेलावणारे लेख लिहिता आले असते. त्याऐवजी वसा आणि अमिर्झा ही दोन गावे निवडून तिथे राहणाऱ्या ६५० स्त्रियांची तपासणी झाली, दुखते म्हणणाऱ्यांची आणि काहीच होत नाही म्हणणाऱ्यांचीही. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. त्यातला जगाला हादरवणारा आकडा ९२ मानला जातो. खरे तर त्या ८ कडे बघितले पाहिजे. ओपीडीत बसून लिहिणाऱ्याला जास्तीत जास्त शंभरातल्या त्या आठ जणी भेटल्या असत्या.

पुण्याला इतके दूर जाण्याचीही गरज नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांतून गुईलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण येऊ लागले. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. शहर घाबरले आणि वर्तमानपत्रे एकेका रुग्णाची कहाणी छापू लागली. पण ही साथ आहे हे कशावरून ठरले? या आजाराचे जगभरातले सर्वसाधारण प्रमाण वर्षाला लाखामागे एक ते दोन असे आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती; त्या हिशेबाने वर्षभरात ३० ते ६० रुग्ण. आजची वस्ती दुप्पट धरली तरी ६० ते १२०, तेही बारा महिन्यांत आणि सगळ्या शहरात विखुरलेले. इथे पुणे परिसरात काही आठवड्यांत दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि त्यातले पुष्कळसे खडकवासल्याच्या बाजूच्या मोजक्या वस्त्यांतले. या भागांपैकी नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्येच महापालिकेत आली आणि तिथले पाणी विहिरीचे, टँकरचे, खासगी आरओ केंद्रांचे. शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला, तसा संशय पाण्याकडे वळला आणि पालिकेचे कर्मचारी घरोघर सर्वेक्षणाला निघाले.

लंडनच्या जॉन स्नोचे नाव विद्यार्थ्यांना कॉलराच्या साथीत काढून घेतलेल्या पंपाच्या दांड्यामुळे माहीत असते. १८५४ मधले त्याचे खरे काम त्याहून रुक्ष आहे. दोन कंपन्या एकाच भागात पाणी पुरवत होत्या. कोणत्या घरात कोणाचे पाणी, हे तो दारोदार विचारत हिंडला. थेम्स नदीचे घाण पाणी देणाऱ्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे कॉलराचे ३१५ मृत्यू, वरच्या अंगाचे पाणी देणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या तेवढ्याच घरांमागे ३७. मृत्यू सगळ्यांनाच दिसत होते; ते त्याने घरांमागे मांडले. नांदेड गावातल्या विहिरीपाशी पोचलेली माणसे त्याच वाटेने गेली होती.

आता त्या तिसऱ्या आक्षेपाकडे, कारण तोच विद्यार्थ्यांना सर्वात जवळचा वाटतो. विद्यार्थ्याकडे आकडे नसतात हे म्हणणे पुण्यात तरी टिकत नाही. अंगणवाडीतल्या लसीकरण सत्राला गेलेल्या कोणत्याही इंटर्नने दोन कागद पाहिलेले असतात. एक ड्यू लिस्ट: या सत्राला कोणती मुले यायला हवीत, त्यांची नावे, कोणता डोस. दुसरा टॅली शीट: किती डोस दिले गेले. इंटर्नच्या हाती बहुधा टॅली शीट येते आणि तो रेघा मारत बसतो. संध्याकाळी संख्या चांगली भरते, फोटो निघतो, अर्जात ‘लसीकरण मोहिमेत सहभाग’ अशी ओळ जाते. ड्यू लिस्ट आशाताईच्या पिशवीत राहते. त्या यादीतली किती नावे आज आली नाहीत? त्याहून अवघड म्हणजे, यादीत नावच नसलेली मुले किती? वाघोली-हिंजवडीकडच्या बांधकामांवर पत्र्याच्या खोल्यांत राहणारी, साखर कारखान्याच्या हंगामात आईबापांमागे फडावर गेलेली, वीटभट्टीवरची मुले यादीत सहज सुटतात. हेड काउंट सर्व्हे त्यासाठीच असतो. एका सत्राच्या दिवशी एका साइटवरच्या खोल्या मोजून तिथल्या मुलांची नावे यादीशी ताडून पाहणे हे विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचे काम नाही. सोबत सिस्टर आणि आशाताई हव्यात, परवानगी हवी, आणि एक दुपार हवी.

साधने तर याहूनही जवळ आहेत. नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला काही कुटुंबे नेमून दिली जातात; ती पदवीपर्यंत त्याच्याकडे राहावीत असा हेतू आहे. सक्तीच्या इंटर्नशिपमध्ये सामुदायिक वैद्यकशास्त्राचे आठवडे असतात, जे पुष्कळांना पीजी प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाची सुट्टी वाटतात. शिरूर तालुक्यात वढूला केईएम रुग्णालयाचे संशोधन केंद्र २००२ पासून परिसरातल्या गावांतला प्रत्येक जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नोंदवत आले आहे. बानूबाई कोयाजींनी तिथे आरोग्यसेविकांचे जे काम उभे केले त्याच्या पायावर हे रचले गेले. जगभरचे संशोधक ज्या प्रकारच्या नोंदींसाठी धडपडतात त्या पुण्यापासून तासा-दीड तासाच्या रस्त्यावर आहेत.

राहिला करुणेचा मुद्दा. त्याला उत्तर आनंदीबाई जोशींच्या अर्जात आहे. १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र लिहिले. गोष्ट सांगायची तर त्यांच्याकडे जी होती तिच्यापुढे कोणाचीही फिकी पडावी: चौदाव्या वर्षी झालेले मूल त्यांनी दहा दिवसांत गमावले होते. अर्जाचा भार त्यांनी त्या दुःखावर टाकला नाही. आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरचा हात लागू देण्यापेक्षा मरण पत्करतात आणि त्यांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून आपण आलो आहोत, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे दवाखान्यात न आलेल्या स्त्रिया. आकडा त्यांच्यापाशी नव्हता, पण छेद होता. कॉलेजने त्यांना घेतले, १८८६ मध्ये पदवी दिली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्यांना आपण पाहिलेच नाही त्यांच्याविषयी वाटणारी कळकळ ही करुणेची अवघड जात आहे, आणि या क्षेत्राला तीच लागते.

मोजणी निष्ठुर होऊ शकते हे पुण्याला कोणी शिकवायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये घरे मोजली गेली, झडत्या झाल्या, माणसांना उचलून नेले, आणि त्याचा शेवट गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडच्या हत्येत झाला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. या दोन नोंदी शेजारी ठेवून कोणी म्हणेल की मग सेवेची गोष्टच बरी. पण रँडच्या लोकांची चूक घरे मोजण्यात नव्हती. घरांतल्या माणसांना न विचारता मोजण्यात होती. आशाताई दार वाजवते, नाव घेऊन हाक मारते आणि मग मोजते. छेदातल्या प्रत्येक एककाला नाव असते हे तिला पाठ असते.

आणि निवड करणाऱ्याला काय लक्षात राहते? तो अंदाज बांधत बसण्यापेक्षा निवड झाल्यावर काय करावे लागते ते पाहावे. इंटर्नच्या वाट्याला येतात ती बहुधा उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेण्याची, तक्ते तपासण्याची, मसुदे जुळवण्याची कामे. त्या प्रत्येक तक्त्यात कोण मोजले गेले आणि कोण सुटले हे विचारणारा विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच उपयोगी पडतो.

म्हणून सुधारणा सीनिअरांच्या सल्ल्यापासून नव्हे, शिफारसपत्रापासून व्हावी. पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या विभागांनी आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांनी परदेशी इंटर्नशिपच्या पत्रावर सही करण्याआधी विद्यार्थ्याकडून एक पान मागावे: कोणती वस्ती, तिथे पात्र किती, पोचले किती, उरलेले का पोचले नाहीत, आणि हे कोणाच्या मदतीने समजले. पान छोटे असेल, आकडे किरकोळ असतील, काही वेळा कारण सापडलेलेही नसेल; तरी ते ओपीडीतल्या त्या बाईवरच्या परिच्छेदापेक्षा मोलाचे असेल. जिनिव्हाचे उत्तर नकाराचे आले तरी ते पान प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला देता येईल, आणि पुढच्या सत्राच्या ड्यू लिस्टमध्ये त्या साइटवरच्या मुलांची नावे घालता येतील.