सांधलेली वीणा

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा भूमीवर ठेवली जात नाही. सात अहोरात्र ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. पहारा संपला की उतरणारा वीणेकरी पुढच्याच्या गळ्यात ती घालतो, दोघे परस्परांच्या चरणांना स्पर्श करतात आणि नामाचा धागा न तुटता पुढे चालू राहतो. दर्शनास येणारे भाविक वीणेकऱ्याच्या पायांवर मस्तक ठेवतात. तो मान व्यक्तीचा नसतो. शेतमजूर असो वा सावकार, वीणा गळ्यात असेपर्यंत तो देवर्षी नारदांच्या परंपरेचा प्रतिनिधी होय.

एवढा मान ज्या वाद्याला, त्याचा नाद घुमतो तो मात्र वाळलेल्या भोपळ्यात. साल टणक दिसते, पण ठिसूळ असते. पहाटेच्या पहाऱ्याला क्षणभर डोळा लागतो, आषाढीच्या वाटेवर चिखलात पाय घसरतो, गर्दीत कोणाचा धक्का लागतो. आणि तीन पिढ्यांनी जपलेली वीणा एका क्षणात तडकते.

अशा वेळी कोणी चटकन म्हणून जातो की, वस्तूसाठी शोक करणे हे अज्ञान. हा उपदेश सोपा आहे आणि बहुधा ज्याचे काही मोडलेले नसते तोच तो करतो. तुकोबारायांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्या, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाण्यावाचून नदीतीरी बसून राहिले, असे परंपरा सांगते. वैराग्याचा मेरू म्हणून ज्यांच्याकडे पाहावे, त्यांनाही ती हानी सहज सोसली नाही. मग वडिलांच्या गळ्यातील वीणा फुटल्यावर एखाद्या साध्या वारकऱ्याचे डोळे भरून आले, तर त्यात उणे काय?

खरा कठीण भाग शोकाचा नव्हे. तो ज्याच्या हातून वीणा पडली त्याचा आहे. मंडपात कुजबुज सुरू होते. कोणी अपशकुन म्हणतो, कोणी त्याच्या जागरणाचा दोष काढतो. तो मनुष्य दुसऱ्या दिवसापासून मागच्या रांगेत बसू लागतो आणि पुढील वर्षी पहाऱ्यासाठी आपले नावच देत नाही. भोपळ्याची भेग कारागीर भरून काढतो. ही दुसरी भेग भरण्याचे काम मात्र फडावरच्या वडीलधाऱ्यांचे असते, आणि ते पुष्कळदा राहून जाते.

खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, हा संकेत सर्वांस ठाऊक आहे. तोच वीणेला लावून ती नदीत सोडून द्यावी, असा सल्लाही काही जण देतात. येथे थोडा विचार हवा. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी रचलेल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथात नादाचे आहत व अनाहत असे दोन भेद सांगितले आहेत. आघाताने उमटतो तो आहत, आघातावाचून असतो तो अनाहत. वीणा पहिल्याचे साधन आहे. ती पूज्य ठरते ती नादामुळे. नाद परत येत असेल, तर तिचे पूज्यत्व कशाने जावे?

भजनातील प्रत्येक वाद्याचे मोडणेही निराळे असते. मृदंगाची पुडी फाटते, नवी चढविली जाते. त्याचा शोक कोणी करीत नाही, कारण ती झिजणारच हे सर्वांनी आधीच स्वीकारलेले असते. काशाचा टाळ तडकला की त्याचा झणत्कार जातो. तो सांधून सहसा पूर्वीसारखा वाजत नाही, वितळवून नवाच ओतावा लागतो. भोपळ्याला मात्र सांधता येते. त्यासाठी पहिल्या घटकेत काय केले जाते, यावर बरेच अवलंबून असते. प्रथम खुंट्या सैल करून तारा उतरवाव्यात, कारण तारांच्या ताणाने भेग वाढत जाते. सुटलेला प्रत्येक तुकडा, नखाएवढा असला तरी, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवावा. बाजारातील झटपट चिकटणारा डिंक लावण्याचा मोह टाळावा; तो लावला की कारागिराला कडा पुन्हा नीट जुळविता येत नाहीत. वीणा उन्हात ठेवू नये.

कारागीर म्हटले की मिरजेचे नाव येते. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांचे काम हाती घेतले. फरीदसाहेब शिकलगारांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा परिसरातून येत आले आहेत. ज्या मातीत वारी विसावते, तिच्यातच वाद्याचे अंग वाढावे, हा योग भाविकाला सुखावणारा आहे. जाणता कारागीर शक्यतो मूळचेच तुकडे बसवितो, भेग आतून बळकट करतो, वर रंग-रोगण चढवितो आणि सांधा पुरता वाळेपर्यंत तारा चढवू देत नाही. घाई भजनी मंडळाला असते, त्याला नसते.

देणगीदारांविषयी एक गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. वीणा फुटल्याचे कळताच नवी वीणा अर्पण करण्यास अनेक हात पुढे येतात; त्यांची श्रद्धा निःसंशय खरी. जुनीच्या दुरुस्तीचा खर्च उचलणारे थोडे. नव्या वीणेवर दात्याचे नाव कोरता येते, सांधलेल्या भोपळ्यावर तेवढी जागा नसते! परंतु ज्या वीणेखाली गावाने आपल्या कित्येक माणसांना अखेरचा निरोप दिला, तिचा स्वर पुन्हा उमटविणे ही सेवा दानाहून तसूभरही उणी नाही.

दुरुस्त वीणेचा आवाज प्रथम किंचित दबका वाटू शकतो. जवारी पुन्हा लावावी लागते, तारा हळूहळू चढवाव्या लागतात. मंदिरात आल्यावर तिला हार घालावा, बुक्का लावावा, काकड्याच्या वेळी ती देवापुढे न्यावी. आणि पहिला पहारा, वडीलधाऱ्यांनी स्वतः मागच्या रांगेपर्यंत चालत जाऊन, जिच्या पडण्याने जो मागे बसला त्याच्याच गळ्यात घालावा. तो नको म्हणेल, त्याचे हात थरथरतील, तरी घालावा आणि सर्वांच्या आधी त्याच्या पाया पडावे.