पिंपळाखालचे भय



वर्षावासात घरोघर वंदनेला जाणे होते. त्रिशरण-पंचशील होते, धम्मावर चार शब्द बोलून होतात, चहा येतो. आणि मंडळी उठू लागली की एखादी वडीलधारी बाई हळूच विचारते, ‘गुरुजी, आपण देव सोडले ते बरे झाले. पण भूत असते का हो? मी तर माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.’ तरुण मुले हसतात. बाई खजील होऊन गप्प बसते.

त्या मुलांना मी सांगतो, बाबांनो, हसू नका. देव सोडणे त्या मानाने सोपे होते. देव देव्हाऱ्यात होते, तसबिरीत होते. ते उचलून विसर्जित करता आले. भूत देव्हाऱ्यात नव्हते. ते अंधारात होते, आजीच्या गोष्टीत होते, पोराच्या तापात होते. म्हणून कितीतरी घरांतून देव गेले आणि भूत मागे राहिले. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, आणि दाराला लिंबू-मिरची! ही दोन्ही एका घरात किती दिवस नांदणार?

मग ती बाई खोटे बोलते काय? मुळीच नाही. तिने काहीतरी पाहिले, ऐकले, अनुभवले, हे खरे आहे. अनुभव ही एक गोष्ट आणि त्याला दिलेले नाव ही दुसरी गोष्ट. छातीवर दडपण आले हा अनुभव. ‘मुंजा बसला’ हे नाव. नाव आपण शोधलेले नसते. ते गावाने आधीच तयार करून ठेवलेले असते आणि आपण भ्यालो की ते तोंडावर येते. धम्म सांगतो की कारणाशिवाय काही घडत नाही. तेव्हा अनुभव नाकारू नका. त्याचे कारण शोधा.

हे तथागतांनी स्वतः कसे केले ते मज्झिम निकायातील भयभेरव सुत्तात आले आहे. जेतवनात जानुस्सोणि नावाचा ब्राह्मण त्यांना भेटायला आला. घोर अरण्यात एकट्याने राहणे फार कठीण, असे त्याचे म्हणणे होते. तथागतांनी ते मान्य केले आणि बोधी मिळण्यापूर्वीची आपली हकीकत सांगितली. पक्षातल्या अष्टमी, चतुर्दशी, पंचदशी अशा रात्री, म्हणजे ज्या रात्री लोक घराबाहेर पडायला भितात नेमक्या त्याच रात्री, बोधिसत्त्व मुद्दाम भयानक समजल्या जाणाऱ्या वनातल्या आणि झाडाखालच्या स्थानांत जाऊन राहत. भय म्हणतात ते काय असते, हे त्यांना पाहायचे होते. तिथे एखादे हरिण येई, मोर काटकी पाडी, वाऱ्याने पाचोळा सळसळे. मनात येई, हेच ते भय आले काय? मग ते स्वतःलाच विचारीत, की मी भयाची वाट पाहत का बसलो आहे? आणि ते ठरवीत, चालताना भय आले तर चालतच त्याला जिंकीन, बसलो असता आले तर बसूनच जिंकीन, पळणार नाही.

बंधूंनो, या कथेत भूत कुठे सापडले? हरिण सापडले, मोर सापडला, वारा सापडला, आणि आपल्याच मनातले भय सापडले. आपल्याकडे जुन्या वाड्यातून रात्री किंकाळी ऐकू येते ती बहुधा गव्हाणी घुबडाची असते. त्याचे तोंड पांढरे असते आणि पडक्या जागी राहणे त्याला आवडते. त्याच सुत्तात तथागत आणखी एक गोष्ट सांगतात. ज्याचे आचरण, वाणी, मन आणि उपजीविका शुद्ध नाही, त्याला अरण्यात भय वाटते ते त्याच्या स्वतःच्या दोषामुळे. म्हणजे भयावरचा पहिला उपाय शील आहे.

आता लोक नेहमी सांगतात ते तीन अनुभव तपासून पाहू.

पहिला, झोपेत छातीवर कोणी बसल्याचा. स्वप्ने पडतात त्या झोपेत आपले हातपाय सैल पडलेले असतात; तसे नसते तर स्वप्नात धावणारा माणूस खाटेवरून उठून धावला असता. कधी कधी शुद्ध आधी येते आणि अंग मागाहून जागे होते. तेवढ्या वेळात हात हलत नाही, ओरडता येत नाही, छाती दडपते, आणि डोळे उघडे असूनही स्वप्न चालूच राहते. कोपऱ्यात कोणी उभे आहे असे दिसते. रात्रपाळी, अपुरी झोप, उताणे झोपणे यांनी हे वाढते. हा झोपेचा प्रकार आहे आणि तो जगभर सर्व देशांतल्या माणसांना होतो.

दुसरा, चकव्याचा. रात्री शिवारातून चालता चालता माणूस फिरून त्याच बांधावर येतो. २००९ साली जर्मनीतील संशोधकांनी काही माणसांना अनोळखी जंगलात सरळ चालायला सांगितले. सूर्य दिसत होता तेव्हा चाललेले सरळ गेले. आभाळ भरलेले असताना चाललेले नकळत गोल फिरले आणि आपल्याच वाटेवर परत आले. आपण सरळच चाललो आहोत, असे त्यांना वाटत होते. डोळ्यांना दूरची खूण नसली की कोणाचेही पाऊल वळते. चकवा तो एवढाच.

तिसरा अनुभव नाजूक आहे. गेलेले माणूस दिसते, त्याचा आवाज येतो, ते जवळ बसले आहे असे वाटते. डेवी रीस या डॉक्टरांनी वेल्समधील २९३ विधवा-विधुरांना याबद्दल विचारले आणि १९७१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ निम्म्यांना आपला गेलेला जोडीदार जवळ असल्याचा अनुभव आला होता, आणि बहुतेकांनी तो कोणाला सांगितला नव्हता. ती माणसे वेडी नव्हती. वीस-तीस वर्षे ज्या पावलांचा आवाज ऐकला, तो आवाज कान इतक्या लवकर कसे विसरतील? ज्या बाईला असा अनुभव येतो तिला ‘अतृप्त आत्मा आला, शांती करा’ असे सांगणारा तिच्या दुःखावर पैसा मिळवतो. तिच्याजवळ बसणारा आणि तिचे ऐकून घेणारा माणूस हवा.

किसा गोतमीची गोष्ट आठवा. मेलेले मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरत होती. तथागतांनी तिला मोहरी आणायला सांगितली, पण ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची. घरोघर फिरून ती रिकाम्या हाताने परत आली आणि मरण काय हे समजून आली. आपल्या घरात मोहरी मुलावरून उतरून चुलीत टाकली जाते. मोहरी तीच, एकीकडे ती भय वाढवते, दुसरीकडे तिने एका आईचे डोळे उघडले.

आणि बौद्धाने हेही विचारावे, की भटकणार तरी कोण? तथागतांनी अमर आत्मा नाकारला. आत्माच नसेल तर पिंपळावर बसणारा कोण? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मेलेला भुकेला असतो, ही कल्पनाच तिथे मुळासकट उपटली आहे. ज्याने पिंड सोडला त्याने समंधाला भ्यावे, हे जुळत नाही.

आता भुतांची जात पाहा. मुंजा हा मुंज झालेल्या मुलाचा, ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, हडळ बाळंतपणात मेलेल्या बाईची. मेल्यावरही वर्ण सुटला नाही! उतारा टाकायचा तो वेशीबाहेर, आणि आपली वस्तीही वेशीबाहेरच. गावाने भूत आणि आपण यांना एकाच दिशेला घालवले होते. आपले वाडवडील येसकर म्हणून वेशीवर रात्रभर पहारा करीत, मेल्याचा सांगावा अपरात्री परगावी नेत, मसणवटीत लाकडे वाहत. त्यांना भुताने खाल्ले नाही. त्यांना खाल्ले ते जातीने आणि भुकेने. अमावास्येच्या रात्री शिवार तुडवणाऱ्यांची आपण नातवंडे; आपण कशाला भ्यावे?

भुताची खरी किंमत मात्र बायका मोजतात. अंगात येते ते बहुधा सासुरवाशिणीच्या. सून म्हणून बोलली तर कोणी ऐकत नाही. भूत म्हणून बोलली तर सारे घर हात जोडते. यात तिचे ढोंग असतेच असे नाही. कोंडलेले मन अशी वाट काढते. कधी ते फेफरे असते, कधी बाळंतपणानंतर होणारा मनाचा आजार असतो. या दोहोंवर औषध आहे. पण तिला डॉक्टरऐवजी भगताकडे नेतात आणि मिरचीची धुरी देतात. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या झोपडीला आग लागली. त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते. २८ जण गेले. भुताने कोणाला जाळल्याची एकही खात्रीची नोंद नाही. भुतावरच्या विश्वासाने जाळल्याची ही नोंद आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर, त्याच वर्षी झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने किंवा साखळीने बांधणे, मारणे, धुरी देणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे हे सारे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंडही आहे. आपल्या वस्तीत असे घडत असेल तर ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून गप्प बसणे उपासकाला शोभत नाही.

एक गोष्ट आपल्या आतली आहे, ती स्पष्ट बोलतो. काही घरांत भगताचा गंडा गेला आणि परित्राण पाठाचे सूत त्याच जागी, त्याच भावनेने मनगटावर आले. पोराला ताप आला की दवाखान्याआधी सूत शोधतात. परित्राण पाठ मन स्थिर करण्यासाठी, मैत्रीची भावना जागवण्यासाठी आहे. त्याचा गंडा केला तर दोरा बदलला, भय तेच राहिले.

कोणी म्हणेल, पाली ग्रंथांतच यक्ष आणि प्रेते आहेत, त्याचे काय? आहेत. त्यासाठी बाबासाहेबांनी आपल्या हाती कसोटी दिली आहे: तथागत बुद्धिवादी होते, जे बुद्धीला आणि तर्काला धरून नाही ते त्यांचे वचन म्हणून स्वीकारताना थांबावे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दैवी चमत्कारांवरचा विश्वास म्हणजे धम्म नव्हे, असे स्वतंत्र प्रकरणच आहे. आणि त्या जुन्या कथांतही तथागत काय करतात ते पाहा. आळवक यक्षाने धाक घातला, आत-बाहेर करायला लावले. तीनदा त्यांनी ऐकले, चौथ्यांदा शांतपणे नकार दिला आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरे दिली. मंत्र नाही, चाबूक नाही, लिंबू नाही. प्रश्न आणि उत्तर, एवढेच.

तेव्हा आपण काय करावे? मुलांना ‘बागुलबुवा येईल’ म्हणून झोपवू नये; त्या एका वाक्यातून पुढच्या साठ वर्षांचे भूत जन्मते. रात्री आवाज आला तर कंदील किंवा बॅटरी घेऊन दोघांनी जाऊन पाहावे आणि काय सापडले ते सकाळी मुलांना सांगावे. कोणाच्या अंगात आले तर तिला शांत जागी बसवावे, गर्दी हटवावी, तिच्या मनात काय सलते ते विश्वासाच्या बाईने विचारावे आणि सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागात न्यावे. शासनाचा ‘टेलिमानस’ हा १४४१६ क्रमांकाचा दूरध्वनी आहे. तिथे मनाच्या आजाराविषयी सल्ला मिळतो.

आणि पिंपळाला भिऊ नका. ज्या झाडावर गावाने मुंजा बसवला, त्याच जातीच्या झाडाखाली बोधगयेला सिद्धार्थ रात्रभर बसले आणि पहाटे बुद्ध झाले. पौर्णिमेला मुलांना घेऊन गावच्या पिंपळाखाली बसा, वंदना घ्या, थोडा वेळ गप्प राहा. पान सळसळेल. मुले विचारतील, काय वाजले? सांगा, वारा.

नमो बुद्धाय! जयभीम!