जादा काम आणि रिकामी खुर्ची

कारखान्यात जादा कामाला भाव आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांपुढच्या कामासाठी दुप्पट मजुरी ठरवली. ओटी मिळणार म्हटल्यावर कामगार आपणहून थांबतो. पण ही दुप्पट मजुरी म्हणजे मालकाचं औदार्य नव्हे, तो त्याला घातलेला लगाम आहे. रोज दुप्पट मोजण्यापेक्षा आणखी एक माणूस नेमलेला बरा, असं त्याला वाटायला हवं.

टेबलावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा लगाम सैल पडतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही दुप्पट दर आहे, मात्र व्यवस्थापकीय पदं त्यातून वगळली आहेत. (हाताखाली एकही माणूस नसलेले मॅनेजर आपल्याकडे इतके का, याचं एक उत्तर इथे सापडावं.) ज्या तासाचे पैसे मोजावे लागत नाहीत, तो मागताना कुणी विचार करत नाही.

मग जादा काम घ्यावं की नाही? माझ्या मते आधी पाहावं, काम कुणाचं आहे. साहेबांच्या टेबलावरचं असेल, म्हणजे पुढच्या वर्षाचं बजेट मांडणं किंवा टेंडरच्या अटी तपासणं, तर फुकटही करावं. वरच्या खुर्चीत बसून काय बघावं लागतं ते त्यातून कळतं, आणि ते कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. शेजारचा नोकरी सोडून गेला म्हणून त्याचं काम आपल्याकडे आलं असेल, तर त्यात शिकण्यासारखं पहिल्या महिन्यातच संपतं. उरतं ते तेच काम, दुप्पट. ‘तुमच्याशिवाय हे टेबल चालत नाही’ अशी शाबासकी मिळते खरी, पण त्याच कारणाने बढतीच्या वेळी तुम्हाला तिथून हलवायला कुणी तयार नसतं. सरकारी कचेरीत तर बहुतेकदा सेवाज्येष्ठताच पुढे जाते. तिथे अतिरिक्त कार्यभाराचा निदान लेखी आदेश निघतो; खासगीत ‘जरा बघून घ्या’ एवढ्यावर वर्षं जातात.

आणि नुकसान एकट्या करणाऱ्याचं नसतं. एका तलाठ्याकडे दोन-तीन सज्जे असणं गावाकडे नवं नाही. मंजूर आकृतिबंधात पद असतं, मस्टरवर माणूस नसतो. फेरफाराची नोंद अडलेला शेतकरी चावडीवर येतो, तर ‘भाऊसाहेब आज दुसऱ्या गावाला’. तरी रात्री बसून भाऊसाहेब पंचनामे पुरे करतात, अहवाल वेळेत जातात, आणि तालुक्याच्या कागदावर सगळं सुरळीत दिसतं. भरतीची निकड मग कुणाला वाटणार? त्यांनी काम तुंबू दिलं असतं तर बोलणी त्यांनाच बसली असती, म्हणून दोषही देता येत नाही. ते निवृत्त होतात त्या दिवशी दोन-तीन सज्जे एकदम रिकामे होतात, आणि शेजारच्या तलाठ्याच्या नावाने कार्यभाराचा आदेश निघतो.