चिलखत आणि चमत्कार



कोकणातल्या जंगलात रात्र चढली की एक प्राणी बिळाबाहेर पडतो. अंगभर सरपटणाऱ्या प्राण्यासारखे खवले, पण पिल्लाला पाजतो दूध. तोंडात एकही दात नाही. जीभ मात्र एवढी लांब की तिचं मूळ थेट शेवटच्या बरगड्यांपाशी. पुढच्या पायांची नखं इतकी मोठी की चालताना ती दुमडून घ्यावी लागतात. हे आपलं खवले मांजर.

वरवर सगळा विजोड कारभार. पण रात्रभर त्याच्या मागं फिरलं, तर एकेका अवयवाचा हिशेब लागत जातो. नखं वारूळ फोडतात, चिकट जीभ वाळवी टिपते, आणि दातांचं काम गिळलेले बारीक खडे पोटात उरकतात. पिल्लू आईच्या शेपटीवर बसून हिंडतं. चाहूल लागली की आई त्याला पोटाशी घेऊन अंगाचं घट्ट वेटोळं करते. मग बिबट्यालाही तिथं फारसं काही करता येत नाही.

माणूस मात्र तेच वेटोळं अलगद उचलतो आणि पोत्यात टाकतो! कशासाठी? तर खवल्यांत औषधी गुण आहेत, या समजुतीपायी. वास्तविक खवले केराटिनचे. आपली नखं आणि केस ज्याचे बनतात, तेच हे द्रव्य. भारतात हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत खवले मांजराच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. तरीही चोरटी शिकार थांबलेली नाही.

जे आपल्या ओळखीच्या साच्यात बसत नाही, त्याला आपण एक तर अपशकुनी ठरवतो, नाही तर चमत्कारी. पहिल्यात तिरस्कार, दुसऱ्यात हाव. जीव जातो तो दोन्हीकडे त्याचाच.

चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावानं २०२० साली वेगळी वाट धरली. गावानं ‘खवलोत्सव’ केला, खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवली. तिथं मान मिळाला तो जित्या प्राण्याला, त्याच्या सोललेल्या खवल्यांना नाही.

कुणी वेगळं, विजोड समोर आलं की ‘याचा मला उपयोग काय’ हा प्रश्न ओठांवर पटकन येतो. त्याच्या आधी ‘हे जगतं कसं’ एवढं विचारायची सवय लावून घेऊ या. प्राण्यांच्या बाबतीत, आणि माणसांच्याही.