थांबायचं किती?

आजचं वाचन : करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय ७, वचने १२ ते १६



आजचा उतारा लग्नाच्या उपासनेत फारसा वाचला जात नाही. तिथे आपल्याला तेरावा अध्याय हवा असतो, प्रीतीचा. पण ज्या घरात एकाचा विश्वास आहे आणि दुसऱ्याचा नाही, त्या घराला हा सातवा अध्याय जास्त लागतो. आणि अशी घरं आपल्या अवतीभवती भरपूर आहेत. तुमच्यापैकी कितीतरी जण पुण्या-मुंबईत नोकरीला आहात, ऑफिसमध्ये कुणाशी तरी मन जुळतं, आणि मग प्रश्न येतो : "ताई, तो चर्चला येत नाही. मी काय करू?" कधी प्रश्न उलटाही असतो : "लग्नानंतर मी प्रभूला ओळखलं. आता घरच्यांचं काय?"

हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पौल आज दुसऱ्याचं उत्तर देतोय.

करिंथ हे बंदराचं शहर. सुवार्ता आली तेव्हा कुठे नवऱ्याने विश्वास ठेवला, बायकोने नाही. कुठे बायकोने ठेवला, नवऱ्याने नाही. काहींना वाटलं, आता अशा माणसाबरोबर एका घरात, एका अंथरुणात राहिलं तर आपण अपवित्र होऊ. पौल म्हणतो, नाही. ती राहायला राजी असेल तर त्याने तिला सोडू नये. तो राजी असेल तर तिनेही सोडू नये. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अपवित्रता इकडून तिकडे जात नाही, पवित्रताच तिकडे जाते. मुलंही पवित्र आहेत. पण समोरचा निघूनच जात असेल तर जाऊ द्यावं. देवाने आपल्याला शांतीत राहायला बोलावलंय.

एक गोष्ट लक्षात घ्या. पौल इथे स्वतःच सांगतो की हा शब्द थेट प्रभूचा नाही, माझा आहे. घटस्फोटाविषयी येशू बोलला होता, पण मिश्र विश्वासाच्या घराविषयी त्याचं वचन पौलाच्या हातात नव्हतं. म्हणून त्याने विचार केला, आणि विचार करून सांगतोय हे लपवलं नाही. आपल्यालाही इथे विचारच करावा लागणार आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ या. मी श्रीरामपूरची. इथून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात राहुरी येतं. या राहुरीत १९०० साली लक्ष्मीबाई टिळकांचा बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या त्याच लक्ष्मीबाई. पुस्तकाचं नाव शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण त्या बाप्तिस्म्याच्या आधीची पाच वर्षं म्हणजे करिंथकरांच्या सातव्या अध्यायाचा जिवंत अभ्यास आहे.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या घरातली ही मुलगी. १८८० मध्ये, लहान वयातच तिचं नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको तिथे नव्हती. तिला ते नंतर कळलं. त्या काळातल्या ब्राह्मण घरातल्या बाईसाठी याचा अर्थ काय होता? नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. कुंकू आहे, संसार नाही. मुलगा दत्तू लहान. नातेवाइकांनी तिला सांभाळलं, काही काळ ती पंढरपूरला राहिली. पुढची काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पत्रं होत होती, कवितासुद्धा होत होत्या.

टिळकांच्या हातात त्या वेळी काय काय होतं ते बघू या. एक तर हा पंधरावा श्लोक. अविश्वासी वेगळा राहत असेल तर बंधू किंवा भगिनी बांधलेली नाही. दुसरा होता सरकारचा कायदा. १८६६ साली इंग्रज सरकारने खास ख्रिस्ती झालेल्यांसाठी विवाहविच्छेदाचा कायदा केला होता. जोडीदाराने धर्मांतराच्या कारणावरून सहा महिने सोडलं असेल तर कोर्टात जाता येत होतं. कोर्ट समोरच्याला विचारायचं, एक वर्षाची मुदत द्यायचं, आणि तरीही नकारच असेल तर लग्न मोडून दुसऱ्या लग्नाची मोकळीक द्यायचं. म्हणजे वचन होतं, कायदाही होता, आणि मुदतही कधीच भरून गेली होती.

टिळक त्या वाटेने गेले नाहीत. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही.

आणि त्याच काळात दुसऱ्या टोकालाही एक वाट होती, जबरदस्तीची. मुंबईत रखमाबाईंचा खटला नुकताच गाजून गेला होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला, तेव्हा १८८७ मध्ये मुंबई हायकोर्टाने आदेश दिला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंग पत्करायला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. कायद्याने बायकोचं शरीर घरात आणता येईल असं त्या आदेशाला वाटत होतं. पण याच सातव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात पौल काय म्हणतो? बायकोच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार, इथपर्यंत त्या जगातल्या सगळ्यांनाच पटलं असतं. पुढचं वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं : तसाच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा. आणि पाचव्या वचनात तो म्हणतो की प्रार्थनेसाठी काही काळ वेगळं राहायचं तरी दोघांच्या संमतीने. प्रार्थनेसारख्या चांगल्या कारणालासुद्धा संमती लागते! मग जिथे संमती नाही तिथे 'माझा हक्क' म्हणून जे घेतलं जातं त्याला ख्रिस्ती विवाहात जागा कुठे उरते?

म्हणून लक्ष्मीबाई नगरला परत आल्या ते महत्त्वाचं आहे. त्या आल्या तेव्हा ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. त्यांचं सोवळं, त्यांचा वेगळा स्वयंपाक, वेगळं पाणी चालूच होतं. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू. 'राहायला राजी' हे पौलाचे शब्द अगदी अक्षरशः. आणि पुढे त्यांचं मन बदललं तेही नवऱ्याच्या प्रवचनाने नाही. जातपात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतःशी केला, आणि ती माणसानेच केली असं त्यांना वाटलं. तिथून वाट फुटली. निर्णय त्यांचा होता.

आता थोडं थांबू या, कारण ही गोष्ट फार गोड करून सांगितली तर खोटी होईल. टिळक थांबले हे खरं, पण ती जखम केली कुणी? इतका मोठा निर्णय बायकोला बरोबर न घेता झाला. पाच वर्षं जी लोकांचे बोल ऐकत राहिली, तीसुद्धा थांबलीच होती ना! तिच्या थांबण्याची साक्ष आपण कमी देतो. लक्ष्मीबाईंनी स्वतः नवऱ्याचा तापटपणा लपवलेला नाही, आणि तरी त्यांचं पुस्तक प्रेमाने भरलेलं आहे. मला वाटतं, खरा विवाह असाच दिसतो.

आणि एक सावधानतेचा शब्द. ज्या घरात मारहाण आहे, तिथे हा उतारा घेऊन कुणी एखाद्या बहिणीला 'थांब, प्रार्थना कर' म्हणून परत पाठवू नये. पौलाची अट 'एकत्र राहायला राजी' अशी आहे. हात उगारणारा माणूस राहायला राजी नसतो, तो राज्य करायला राजी असतो. देवाने शांतीत बोलावलंय, हे त्याच उताऱ्यात आहे.

मग मुख्य प्रश्न. टिळकांचं थांबणं फळाला आलं. ज्यांचं येत नाही त्यांचं काय? आमच्या मंडळीत एक मावशी आहेत. दर रविवारी त्यांचे यजमान त्यांना स्कूटरवर चर्चच्या फाटकापर्यंत सोडतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर पेपर वाचत बसतात. उपासना संपली की पुन्हा फाटकाशी हजर. तीस वर्षं झाली, ते आत आलेले नाहीत. एकदा तरुण संघात कुणीतरी मावशींना विचारलं, "इतकी वर्षं प्रार्थना केली, उत्तर नाही मिळालं?" मावशी म्हणाल्या, "अरे, ते दर रविवारी मला आणून सोडतात. हे काय कमी आहे का?"

चौदावं वचन पुन्हा वाचा. अविश्वासी नवरा पवित्र 'होईल' असं पौल म्हणत नाही, झालेला आहे असं म्हणतो. आज. तो फाटकाबाहेर असतानाच. आणि सोळाव्या वचनात तो विचारतो की तू त्याला तारशील हे तुला काय ठाऊक? यात आशा आहे आणि मर्यादाही. तारण तुझ्या हातात नाही. म्हणजे तुझा जोडीदार हा तुझा प्रकल्प नाही. त्याच्यावर प्रेम करताना एक डोळा सतत त्याच्या बाप्तिस्म्याच्या तारखेवर ठेवला, तर ते प्रेम त्याला कळतं, आणि टोचतं.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं लग्न अजून व्हायचं आहे. हा उतारा 'चालतं, पुढे बघू' असं म्हणायला परवाना नाही. याच अध्यायाच्या शेवटी पौल सांगतो की नवं लग्न करायचं तर ते प्रभूमध्ये व्हावं. आणि विजोड जुवाचं वचन आपल्याला ठाऊक आहे. एक बैल पूर्वेला, एक पश्चिमेला ओढत असेल तर नांगर चालत नाही, हे श्रीरामपूरच्या मातीत वेगळं सांगायला नको. म्हणून आधी बोला. रविवारी काय करणार? मुलांना प्रार्थना कोण शिकवणार? सणाला कुणाच्या घरी जाणार? संकटात गुडघे टेकणार तेव्हा एकटीच टेकणार का?

पण कृपा करून एक करू नका. लग्नाची तारीख काढण्यासाठी कुणाला घाईने बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभं करू नका. हॉल बुक झालाय, पत्रिका छापायच्यात, म्हणून पंधरा दिवसांत विश्वास उरकत नाही. मन नसताना बाप्तिस्मा घेतला तर लग्नाची सुरुवातच खोट्याने होते, तीही देवासमोर. त्यापेक्षा 'माझा विश्वास नाही, पण तुझ्या विश्वासाच्या आड येणार नाही' असं सरळ सांगणारा माणूस जास्त प्रामाणिक. त्याच्याशी लग्न करायचं की नाही हा पुढचा प्रश्न. पाळकांशी बोला, घरच्यांशी बोला, वेळ घ्या. पण त्याच्या प्रामाणिकपणाची शिक्षा त्याला देऊ नका.

थांबायचं किती, याचं माप पौल देत नाही. १८६६ च्या कायद्याने दिलं होतं : सहा महिने आणि एक वर्ष. कायद्याला माप लागतंच. वचन मात्र सोडण्याची मोकळीक देतं आणि घाई करत नाही. त्या दोन्हींच्या मध्ये जे अंतर आहे ते प्रत्येक घराने प्रभूबरोबर चालायचं असतं.

आजची प्रार्थना :

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी किती थांबलास हे आम्हाला ठाऊक आहे. ज्या घरात एकच जण तुझं नाव घेतो, त्या घरावर तुझी शांती राहो. जे अजून लग्नाचा विचार करतात त्यांना खरं बोलायचं धैर्य दे. ज्यांना घरात भीती वाटते त्यांना सुरक्षित दार उघडून दे. आणि फाटकाबाहेर थांबलेल्यांवर आम्ही तुझ्यासारखं प्रेम करावं असं कर. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.