फिरकी घेणारा मित्र

कोल्हापुरात माणूस कितीही मोठा झाला, तरी त्याची फिरकी घेणारा एखादा जण शिल्लक असतोच. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोरच काढतात आणि फेसाळ ग्लास हातात येतो. बढती मिळवून गावी आलेला कुणी तो ओठाला लावतो न लावतो, तोच बालमित्र म्हणतो, "हुद्दा लई मोठा झाला, खरं मिशीचा फेस तेवढा पुसा की!" सगळे हसतात. पुसणाराही हसतो. आपण अजून यांच्यातलेच आहोत, हे त्याला त्या हसण्यातून कळते.

कथाकार शंकर पाटील याच मुलखातले. १९२६ साली पट्टणकोडोलीत जन्मलेले. व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांच्या जोडीने त्यांनी कथाकथनाच्या कार्यक्रमांतून महाराष्ट्राला पोटभर हसवले. खेड्यातल्या माणसाचा बेरकीपणा, बढाई, भाबडेपणा सगळे त्यांच्या कथांत आहे. पण त्या माणसाला कमी लेखणे कुठेही नाही.

मूळच्या कोल्हापूरच्याच व्ही. शांताराम यांच्या 'पिंजरा' या १९७२च्या चित्रपटाचे संवादही पाटलांचेच. त्यातले गुरुजी आदर्श, सारे गाव त्यांच्या शब्दात. तमाशातल्या चंद्रकलेपायी त्यांचा तोल जातो. गाव त्यांना मेलेले समजते, त्यांचा पुतळा उभारते. आणि स्वतःच्याच खुनाचा आरोप माथी आल्यावर पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून ते फाशी पत्करतात.

मला या कथेत गुरुजींच्या मोहापेक्षा त्यांचे एकटेपण अधिक हलवून जाते. गावात त्यांच्या पाया पडणारे पुष्कळ होते, त्यांची थट्टा करू शकेल असा कुणी नव्हता. 'चुकलो बाबा' असे ज्याच्यापाशी म्हणावे, असा माणूसच उरला नव्हता. स्वतःच्या प्रतिमेची राखण करता करता माणूस तिचा कैदी होतो. मोह कुणालाही पडतो. पण ज्याला हसून घेता येते, त्याला परतीची वाट सापडते.

नम्रतेची परीक्षा हार गळ्यात पडताना होत नाही. कुणी चारचौघांत आपली टर उडवली, की पहिल्या क्षणी चेहरा कसा होतो, तिथे ती होते. अर्थात, थट्टेलाही पथ्य आहे. बरोबरीच्याची किंवा आपल्याहून मोठ्याची घ्यावी ती फिरकी. दुबळ्याची केली की ती कुचेष्टा होते आणि करणाऱ्याचाच हलकेपणा दाखवते.

म्हणून आपल्याला तोंडावर हसणारा एक तरी मित्र जपावा. मान वाढत जाईल तसतसे असे लोक आपोआप दूर सरकतात. त्यांना हाक मारून जवळ बसवणे हे आपले काम आहे.